गाडीचा ताप

नवी गाडी घेतलेला माणूस गाडीविषयी बोलतो; जुनी गाडी असलेला माणूस गाडीच्या भागांविषयी बोलतो. नव्या गाडीवाल्याला विचारा, "काय म्हणते गाडी?" तो म्हणतो, "मस्त!" आणि विषय संपतो. जुन्या गाडीवाल्याला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. चुकून विचारलाच, तर पुढचा पाऊण तास क्लच-प्लेट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि सायलेन्सर यांची खुशाली ऐकून घ्यावी लागते. एकत्र कुटुंबातल्या आजीला "काय, बरी आहेत ना सगळी?" असं विचारलं, की ती जशी थोरल्या दिराच्या दम्यापासून धाकट्या पणतूच्या दातांपर्यंत सगळं सांगते, तसंच हे. जुनी गाडी ही एक वस्तू नसतेच मुळी. ते एकत्र कुटुंब असतं. सगळे एका छपराखाली राहतात, रोज कुणीतरी कुरकुरतं, आणि कुणा एकानं अंग काढून घेतलं की बाकीच्यांचं पान हलत नाही.

आमचं हे कुटुंब 2004 सालचं. गाडीचं नाव मी घेणार नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलंच तर उखाण्यातून. माझं गाडीच्या बाबतीत तसंच आहे. वीस वर्षं संसार केल्यावर चारचौघांत नाव घेऊन तिच्या आजारपणाची चर्चा करणं बरं दिसत नाही. एवढंच सांगतो, की ती चणीनं लहान, अंगानं चौकोनी आणि उंचीनं ताठ आहे. रंग पांढरा. म्हणजे कागदोपत्री पांढरा.

यातली उंची फार महत्त्वाची. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे तिच्याहून म्हातारे आहेत. बुटक्या गाडीत तिला वाकून बसता येत नाही, आणि हल्ली रस्त्यावर ज्या ट्रकच्या चुलतभावंडांसारख्या गाड्या दिसतात, त्यांत तिला चढता येत नाही. आमच्या गाडीचं सीट बरोबर जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीएवढ्या उंचीवर आहे. दार उघडायचं, पाठमोरं टेकायचं, पाय एकेक करून आत घ्यायचे, की झालं. आईनं मेहुण्यांची गाडी बसून पाहिली, भाच्याची पाहिली, शेजाऱ्यांची पाहिली. मुलगी पाहायला गेलेल्या वरमाईसारखा तिचा निकाल ठरलेला असतो, "छान आहे हो गाडी. पण मी आपली घरीच बरी."

तेव्हा ही गाडी गेली, तर आई घरीच. डोळ्यांचे डॉक्टर, गुरुवारचं भजनी मंडळ आणि महिन्यातून एकदा सातारा रस्त्यावर राहणारी माझी ब्याऐंशी वर्षांची मावशी, एवढाच तिच्या जगाचा नकाशा. आणि त्या नकाशावरचे सगळे रस्ते या एका गाडीच्या सीटवरून सुरू होतात.

2024 च्या मार्चपासून ही गाडी पिऊ लागली.

पिणाऱ्या माणसाची पहिली खूण खिशाला कळते. लिटरला चौदा किलोमीटर धावणारी आमची गाडी नवावर आली. दुसरी खूण म्हणजे वास. पार्किंगमध्ये गाडी लावली, की जिन्यापर्यंत पेट्रोलचा दरवळ. तिसरी खूण म्हणजे चारचौघांत काळं होणं. चौकात सिग्नल सुटला, की मागून असा काळा धूर निघे की मागचा स्कूटरवाला माझ्या बाजूला येऊन आधी मला पाही, मग गाडीला पाही, आणि आमच्या दोघांच्या वयाची बेरीज करून काही न बोलता पुढे जाई.

यातलं काहीही मी आणखी वर्षभर सोसलं असतं. पण जूनअखेर गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती आमची 2019 मध्ये संपली, तेव्हा गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षं पदरात पाडून घेतली होती. आता पुन्हा ती परीक्षा. आणि या परीक्षेला बसायचं तर आधी पीयूसीचं सर्टिफिकेट हवं. पीयूसीवाल्यानं गाडीच्या नळकांड्यात आपली नळी घातली, पडद्याकडे पाहिलं आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेले डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"काका, कार्बन मोनॉक्साईड जास्त आहे. फेल."

घरी येऊन मी ही बातमी सांगितली आणि सल्ले सुरू झाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी म्हणाले, "प्लग बदला." मेहुणे म्हणाले, "गाडी बदला." आमच्या सौ. म्हणाल्या, "मिस्त्री बदला." बंगलोरहून चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, स्क्रॅप करून टाका ना. सरकारनं 2021 साली त्याचं धोरणच आणलंय. जुनी मोडीत काढली की नवीच्या करात सवलत मिळते." आई पलीकडे वाती वळत बसली होती. ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त वाती वळल्या.

मी मिस्त्री बदलला नाही. आमचा मिस्त्री कर्वे रस्त्यामागच्या एका बोळात बसतो. त्याचं गॅरेज इतकं लहान आहे, की गाडी आत गेली की मिस्त्रीला बाहेर यावं लागतं. त्यानं प्लग काढले. चारही प्लग काजळ घालून बसले होते. मग त्यानं एक जुना स्कॅनर लावला, इंजिन चांगलं वीस मिनिटं चालू ठेवलं, पडद्यावरचे आकडे वाचले आणि म्हणाला, "काका, इंजिन चांगलं तापलंय. पण गाडीला वाटतंय, आपल्याला थंडी वाजतेय."

हे वाक्य नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या सालांतली स्कूटर चालवली आहे, त्यांना चोक ठाऊक आहे. सकाळच्या गारठ्यात पेट्रोलची धड वाफ होत नाही. तेव्हा थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं मिश्रण द्यावं लागतं. त्यासाठी चोक ओढायचा. तरीही सुरू झाली नाही, तर स्कूटर कुशीवर वळवायची, पुन्हा उभी करायची आणि कुलदैवताचं नाव घेऊन किक मारायची. इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा. विसरलात तर पेट्रोल जास्त जळे, धूर निघे, प्लग काळे होत. म्हणजे इंजिन थंड आहे की गरम, हे त्या काळी मालक ठरवत असे. फियाट आणि अँबॅसिडरमध्येसुद्धा चोकची खुंटी मालकाच्याच हाताशी होती.

पुढे इंजिनात कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं आणि मालकावरचा हा विश्वास उडाला. आता गाडीत एक लहानसा कॉम्प्युटर असतो. किती पेट्रोल सोडायचं, हे तो ठरवतो. पण गंमत अशी, की या कॉम्प्युटरला इंजिन दिसत नाही. मी चौतीस वर्षं बँकेत काढली असल्यामुळे मला ही व्यवस्था चटकन समजली. हा कॉम्प्युटर म्हणजे हेड ऑफिस. हेड ऑफिस शाखेत कधी येत नाही. शाखेकडून जे स्टेटमेंट येतं, त्यावर ते हुकूम सोडतं. इंजिनाच्या पाण्याचं तापमान कळवणारा सेन्सर हा त्या शाखेतला कारकून. तो जर रोज "अजून थंडीच आहे साहेब" असं लिहून पाठवत राहिला, तर हेड ऑफिस रोज जास्तीचं पेट्रोल मंजूर करत राहणार. इतकंच नव्हे; एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजनचा एक दुसरा सेन्सर असतो. तो बिचारा "पेट्रोल फार होतंय, फार होतंय" म्हणून ओरडत असतो. पण इंजिन तापल्याचा कागद आल्याशिवाय हेड ऑफिस त्याच्या तक्रारीची फाईल उघडतच नाही. मला तर शाखेत परत गेल्यासारखं वाटलं.

मिस्त्रीनं मला प्रात्यक्षिक दाखवलं. सेन्सरच्या तारांचा सॉकेट काढला. पडद्यावर आकडा आला, उणे चाळीस. हा आकडा मोठा समंजस आहे. सेल्सिअसमध्ये मोजा की फॅरनहाईटमध्ये, उणे चाळीस हे उणे चाळीसच राहतात. बाहेर मे महिना, पुण्याचा पारा अधिक चाळीसला टेकलेला, मिस्त्रीच्या बनियनची घडी घामानं पिळून निघालेली, आणि आमची गाडी सैबेरियात! सॉकेट परत लावला, तर आकडा बावीस. इंजिनावर हात ठेववत नव्हता आणि सेन्सर सांगत होता, बावीस.

"पण डॅशबोर्डवरचा काटा तर बरोबर मध्यावर आहे," मी म्हटलं.

"तो दुसरा," मिस्त्री म्हणाला.

आणि इथे या कथेतली खरी गुंतागुंत सुरू होते. आमच्या गाडीत पाण्याचं तापमान पाहणारे तिघे भाऊ आहेत. तिघेही पितळी, तिघेही अंगठ्याएवढे, तिघांच्याही डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. थोरला एका तारेचा. तो फक्त डॅशबोर्डवरचा काटा हलवतो, म्हणजे मालकाची समजूत काढण्याचं खातं त्याच्याकडे. मधला रेडिएटरपाशी बसतो आणि पाणी फार तापलं की पंखा सुरू करतो. धाकटा दोन पिनांचा. तो कॉम्प्युटरशी बोलतो. बिघडला होता तो हा धाकटा. बाजारात मात्र तिघांनाही एकच नाव, "टेंपरेचर सेन्सर." तिळ्या मुलांना शाळेत एकाच नावानं घालावं, तसला हा प्रकार.

"पोराला पाठवतो नाना पेठेत," मिस्त्री म्हणाला. पण मिस्त्रीचा पोरगा बाजारातून हवी ती वस्तू आणत नाही, मिळेल ती आणतो, हा वीस वर्षांचा अनुभव. मी म्हटलं, मीच जातो. मिस्त्रीनं धाकटा काढून, पुसून माझ्या हातात दिला, भोकात तात्पुरता एक बोल्ट पिळला, आणि सेन्सरच्या एका रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीनं दोन ओळी लिहून दिल्या: 20 अंशांना सुमारे 2400 ओहम, 80 अंशांना सुमारे 300.

त्या दोन ओळी ही त्या सेन्सरची जन्मपत्रिका. त्याच्या पोटात एक मणी असतो. तो जसजसा तापतो, तसतसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होत जातो. धातूंचं याच्या बरोबर उलट असतं. ही उलटी चाल मायकेल फॅरडे यांनी 1833 साली चांदीच्या सल्फाईडमध्ये पाहिली होती. सामान्य माणसांचंही बहुधा तसंच आहे. थंड डोक्यानं विरोध करतात, तापले की वाहवत जातात.

आता कुणी म्हणेल, जुना सेन्सर हातात आहे, तर त्याच्यासारखा दुसरा आणायला एवढं काय? पण मेख इथेच आहे. आटे, लांबी, पिना, सॉकेटची खाच, हे सगळं जुन्याशी ताडून पाहता येतं. त्याचं बोलणं मात्र ताडता येत नाही, कारण तोच खोटं बोलत होता म्हणून तर काढला. रूप जुन्याचं घ्यायचं आणि स्वभाव पत्रिकेवरून पाहायचा. मी मनाशी म्हटलं, हे तर स्थळ पाहणंच झालं. छत्तीस गुण जुळल्याशिवाय होकार द्यायचा नाही.

पहिल्यांदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथला काउंटरवरचा मुलगा टाय लावून बसला होता. त्यानं माझ्या गाडीचं साल विचारलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असे भाव उमटले, की मी जणू पानिपतावरून थेट आलो आहे. "सर, हा पार्ट आता येत नाही. पण नव्या मॉडेलवर एक्स्चेंज ऑफर आहे." मी त्याला सांगितलं, की मला कानाचा एक मळसूत्री फिरकी-मागचा मोती हवा आहे आणि तुम्ही मला नवरी बदलायला सांगता आहात. मुलगा पोरगेला असला तरी गुणी होता. हसला, आणि कॉम्प्युटरात चॅसी नंबर घालून मला पार्ट नंबर काढून दिला. चॅसी नंबर सतरा अंक-अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी त्यांचा घोटाळा होऊ नये. हा नियम करणारा माणूस नक्की कधीतरी बँकेत असला पाहिजे. त्या नंबरावरून कळलं ते असं, की एकाच सालातल्या, एकाच नावाच्या आमच्या गाड्यांना दोन वेगवेगळे सेन्सर होते. अमुक चॅसीपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरा. दोन्ही पार्ट नंबरांत फरक शेवटच्या एका अक्षराचा.

नाना पेठ म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची पंढरी. तिथे एखाद्या माणसानं हळूहळू चालत, पिशवीतून एकेक भाग नेला तर संध्याकाळपर्यंत अख्खी गाडी घरी जाईल. फक्त ती कुठल्या कंपनीची होईल, ते सांगता येणार नाही. मी शेजाऱ्यांचा मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि निघालो.

पहिल्या दुकानात मी सेन्सर पुढे ठेवला. दुकानदारानं न पाहताच मागे हात घातला आणि एक डबी टेबलावर आपटली. "घ्या. सेम टू सेम."

"याला एकच पिन आहे. माझ्याला दोन आहेत."

"चालून जातं."

या ‘चालून जातं’वर आपला देश बराच चालला आहे, हे मला मान्य आहे. पण गाडी चालत नाही.

दुसऱ्या दुकानात दोन पिनांचा मिळाला. आटे जुळले, लांबी जुळली. पण सॉकेटची खाच विरुद्ध बाजूला. "जरा कानसीनं घासा, बसतंय," असं आश्वासन मिळालं. घासून बसवलेला सॉकेट पहिल्याच पावसाळ्यात पाणी पितो. मी नमस्कार केला.

तिसऱ्या दुकानात स्थळ फारच तोलामोलाचं निघालं. पितळ तेच, आटे तेच, पिना दोन, खाच जागच्या जागी. डबीवरचा नंबरसुद्धा माझ्या कागदावरचाच. शेवटचं अक्षर तेवढं निराळं.

"अहो, एका अक्षरानं काय होतं?" दुकानदार म्हणाले.

"चेकवर सहीत एक अक्षर निराळं असलं, तर तुम्ही मला पैसे द्याल का?" मी विचारलं. चौतीस वर्षांत मी दुसरं काय केलं? लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. मी मल्टिमीटर काढला, नव्या सेन्सरच्या दोन पिनांना लावला. दुकानातल्या गरमीत माझ्या पत्रिकेप्रमाणे आकडा 2400 च्या बराच खाली असायला हवा होता. आला साडेसहा हजार. म्हणजे अठ्ठावीस गुण जुळले आणि नाडीचे आठ गेले. अशी सोयरीक बसते व्यवस्थित. मांडवात कुणाला शंकासुद्धा येत नाही. पुढे जन्मभर घरात कुणाला कशाची थंडी वाजते, ते कळत नाही. दुकानदारांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, "इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही." मी म्हटलं, "म्हणूनच आधी मोजला."

चौथं दुकान रेल्वेच्या डब्यातल्या बोळाएवढं रुंद. आत माझ्याहून वयस्क असे एक गृहस्थ टोपी घालून बसले होते. त्यांनी माझ्या सेन्सरला हातही लावला नाही. आधी विचारलं, "चॅसी नंबर?" मग "महिना कुठला?" आणि मग "एसी आहे?" हे तीन प्रश्न ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी मुलीकडची माणसं काय करतात, कुठली, हे विचारत होतं. त्यांनी एक जाडजूड कॅटलॉग काढला, मधल्या एका पानावर पेन्सिलीच्या खुणा शोधल्या आणि म्हणाले, "तुमचा नंबर बंद झाला. त्याच्या जागी हा आला."

"म्हणजे वस्तू वेगळी?"

"वस्तू तीच हो. लग्न झालं, आडनाव बदललं."

त्यांनी मागच्या खणातून एक लहानशी डबी काढली. किंमत सातशे चाळीस. मी मल्टिमीटर लावला. दुकानातल्या उकाड्यात 1400 च्या आसपास आकडा आला, पत्रिकेत शोभेल असा. "घरी पाण्यात तापवून बघा," ते म्हणाले. "नाही जुळला, तर आणा परत." पुण्यातल्या दुकानदारानं ‘आणा परत’ म्हटल्याचं माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच उदाहरण. मी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

घरी सौ.नी चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला. शेवटी मेंदी भिजवायचं जुनं पातेलं मिळालं. शेजाऱ्यांनी आपला काचेचा थर्मामीटर आणला आणि त्याच्यासोबत स्वतःही आले. पातेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, दोऱ्यानं टांगलेले दोन सेन्सर, टोप्या पाण्याबाहेर आणि पितळ पाण्यात. दोन्ही भांड्याच्या बुडाला टेकू द्यायचे नाहीत, नाहीतर पाण्याऐवजी भांड्याचं तापमान कळतं. मी आकडे वाचत होतो आणि शेजारी ते वहीत लिहीत होते. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती.

पाणी 80 अंशांवर आलं. नवा म्हणाला, 310. जुना म्हणाला, 2200. गॅस मोठा केला. पुण्याच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं, तेही उकळलं. नवा आणखी खाली गेला आणि जुना जागचा फारसा हलला नाही. उकळत्या पाण्यात बसून तो गारठ्याची बातमी देत होता.

"वय झालं की व्हायचंच असं," शेजारी वही मिटत म्हणाले. "एक बदललात की उद्या दुसरं निघेल. वीस वर्षांची गाडी. मी म्हणतो, एकदाच काय तो निकाल लावा."

आई दारातून म्हणाली, "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा डॉक्टरांनी भिंग तेवढं बदललं. अख्खी मी नाही बदलली."

शेजाऱ्यांनी थर्मामीटर पुसला आणि चहा न घेता गेले. सौ.नी मात्र नंतर चहा केला, आपल्या खास पातेल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना मिस्त्रीनं बोल्ट काढला आणि सेन्सर बसवला. नवीन वॉशर घातला. आट्यांना टेप गुंडाळू दिला नाही. सांगितलं, की थोरल्या, एका तारेच्या भावाला तर टेप अजिबात चालत नाही, कारण त्याची दुसरी तार म्हणजे त्याचं अंगच असतं. सांडलेलं कूलंट भरलं, हवा काढली, गाडी सुरू केली. वीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला, अठ्ठ्याऐंशी. हेड ऑफिसला अखेर खरं स्टेटमेंट मिळालं. धूर आधी करडा झाला, मग दिसेनासा झाला. प्लग स्वच्छ करून आठवडाभर गाडी चालवली आणि पीयूसीवाल्याकडे नेली. त्यानं नळी घातली, पडदा पाहिला, नळी काढून पुन्हा घातली.

"काका, इंजिन बदललंत?"

"नाही. अंगठ्याएवढं काहीतरी बदललं."

आरटीओतली तपासणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. तपासणाऱ्या साहेबांनी हॉर्न वाजवून पाहिला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सही केली. ती सही मी नीट पाहून घेतली. सवय जात नाही.

त्या रविवारी आईला मावशीकडे नेलं. दार उघडलं, ती पाठमोरी टेकली, पाय एकेक करून आत घेतले. वाटेत तिनं विचारलं, "झालं का रे ते कागदाचं काम? किती दिवसांची परवानगी दिली?"

"पाच वर्षांची. जून 2029 पर्यंत."

आईनं बोटांवर हिशेब केला. मग खिडकीची काच थोडी खाली घेऊन म्हणाली, "म्हणजे आता मलाही तोवर थांबलं पाहिजे."